नवव्या हेन्रीचं बारसं

ही घटना खरी आहे.

जिच्यासोबत घडली ती ज्ञानदा भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. पुण्यात स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी., आता टेक्ससमध्ये पीएच.डी. कुणी "माझ्यासोबत असं असं झालं" म्हटलं की ती आधी विचारते, "आणि किती वेळा नाही झालं?" अशी मुलगी.

म्हणून तिने जसं सांगितलं तसंच इथे दिलं आहे. फक्त एक नाव गाळलं आहे. ते नाव शेवटपर्यंत येणार नाही.

ठिकाण फ्रिस्को, डॅलसच्या उत्तरेला. गेल्या जानेवारीतला शनिवार, तारीख चोवीस. दुपारपासून पडता पडता गोठणारा पाऊस सुरू होता. रस्ते काचेसारखे झाले होते. मधूनच कुठेतरी झाडाची फांदी बर्फाच्या वजनाने मोडायची. कडाड्... आणि मग पुन्हा शांतता. एरवी मागच्या हायवेची घरघर कधी थांबत नाही. त्या दिवशी तीसुद्धा नव्हती.

घर ज्ञानदाच्या बहिणीचं. प्रतिमाताई आणि तिचा नवरा प्रथमेश. ज्ञानदा एरवी प्लेनोला राहायची, पण ताईला दिवस गेल्यापासून दर वीकएंडला इकडे यायची. प्रथमेश ऑफिसच्या कामाने अटलांटाजवळ अल्फारेटाला गेला होता आणि त्याचं परतीचं विमान सकाळीच कॅन्सल झालं होतं.

ताईला सहावा महिना होता.

पहिल्या खेपेला चौथ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. त्यामुळे या वेळी ताईचे नियम कडक होते. बाळाची एकही वस्तू बाळाच्या आधी घरात येणार नाही. झबलं नाही, खुळखुळा नाही, स्ट्रोलर नाही. मुलगा आहे हे कळलं होतं आणि नावही ठरलं होतं, पण ते घरात उच्चारायचं नाही. ते प्रथमेशला माहीत होतं, आणि दिवाळीत एकदा बोलता बोलता डोळे भरून आले तेव्हा ताईने ते ज्ञानदाच्या कानात सांगितलं होतं. बास. जगात तिघांनाच.

नियमाला अपवाद एकच. डॉप्लर.

मुठीत मावेल एवढं यंत्र. पोटावर जेल लावून टेकवलं की बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात आणि छोट्या पडद्यावर आकडा दिसतो. डॉक्टर नको म्हणाले होते. "उगाच घाबरून घ्याल." तरी ताईने मागवलंच. रोज झोपायच्या आधी ती ऐकायची. दूरवरून घोडा दौडत यावा तसा आवाज... आकडा नेहमी एकशे पन्नासच्या आगेमागे.

तो आवाज ऐकल्याशिवाय ताई झोपायची नाही.

त्या दिवशी घरात तिसरी व्यक्ती होती इला. शेजारच्या शैलजाकाकूंची मुलगी, सोळा वर्षांची, जन्म इथलाच. तिचे आईबाबा एका लग्नाला न्यू जर्सीला जाऊन तिथेच अडकले होते. त्यांच्या घरातलं हीटिंग सकाळी बंद पडलं, तेव्हा इला लॅपटॉप आणि उशी घेऊन इकडे राहायला आली.

तिला सोमवारी इतिहासाचा व्हिडिओ द्यायचा होता. टीचरने विषय दिला होता: असा एक मृत्यू निवडा जो झाला नाही, पण झाला असता तर गादीचा वारस बदलला असता.

"ज्ञानदाताई, लिसन," इला फायरप्लेससमोर फतकल मारून बसली होती. "फिफ्टीन थर्टी सिक्स. इंग्लंडचा हेन्री द एट्थ. घोड्यावरून पडतो, अंगावर फुल आर्मर, आणि घोडा त्याच्या वर. त्या काळच्या एका लेटरमध्ये आहे, दोन तास त्याच्या तोंडून शब्द नाही. अँड गेस व्हॉट? ट्वेन्टी फोर्थ जानेवारी. आजच!"

"आज नाही," ज्ञानदा म्हणाली. "मध्ये कॅलेंडर बदललं. तेव्हाची चोवीस जानेवारी म्हणजे आत्ताच्या हिशोबाने फेब्रुवारी उजाडते."

"ओ माय गॉड. तुला पार्टीला कोण बोलावतं, यार?"

"कुणीच नाही. पुढे सांग. तो तेव्हा मेला असता तर गादी कुणाला?"

"दॅट्स द थिंग! मोठी मुलगी मेरी, पण तिला त्याने इललेजिटिमेट ठरवलेलं. धाकटी एलिझाबेथ, ओन्ली टू इयर्स. माझा सगळा क्लास या दोघींवरच करतोय. सो बोरिंग. पण त्या दिवशी राणी प्रेग्नंट होती. मुलगा झाला असता तर तो किंग. जन्मला त्या मिनिटापासून. म्हणजे सगळी कंट्री एका पोटातल्या बेबीसाठी थांबली असती."

"आणि खरं काय झालं त्याचं?"

इलाने एकदा जिन्याकडे पाहिलं. वर ताई झोपली होती.

"फाइव्ह डेज लेटर तो गेला," ती हळू आवाजात म्हणाली. "राजा वाचला. बेबी नाही. लोक म्हणायचे, राजा पडल्याचं ऐकून राणीला शॉक बसला, म्हणून."

"मग तुझ्या व्हिडिओत राजा खरंच मेला तर शॉक आणखी मोठा. एक गोष्ट बदलायची आणि बाकीचं सगळं आपल्या सोयीने तसंच ठेवायचं, असं नाही चालत इला."

"माझ्या व्हिडिओत तो जगतो. मी डिसाइड केलंय." इलाने हनुवटी वर केली. "कुणीतरी द्यायला नको त्याला एक चान्स? त्याला तर कुणी नावपण नाही दिलं."

ज्ञानदानेही जिन्याकडे पाहिलं.

"म्हणून आपण त्याचं बारसं करायचं," इला म्हणाली. "हेन्री द नाइन्थ. टीचरला असलं कल्चरल कनेक्शन जाम आवडतं. मी झोका देणार. तू आत्या."

पाळणा शैलजाकाकूंच्या गॅरेजमध्येच होता. इथल्या मराठी मंडळाचा पाळणा. सागवानी, दोन खांबांच्या मध्ये पितळी कड्यांना टांगलेला. फार वर्षांपूर्वी कुणीतरी बोटीने मागवलेला. फ्रिस्को-प्लेनोच्या निम्म्या मराठी पोरांची बारशी त्याच्यात झाली होती. बारसं झालं की तो पुसूनपासून, चादरीत गुंडाळून परत काकूंकडे यायचा.

शूटिंग इलाच्या घरी करायचं ठरलं होतं. पण तिथे बोटं आखडत होती आणि फोनची बॅटरी पटापट उतरत होती.

"प्रतिमामावशी झोपलीय ना? तुमच्या डायनिंग रूममध्ये करू या. हाफ अॅन अवर. ती उठायच्या आत परत ठेवू."

ज्ञानदाला ताईचा नियम आठवला. मग तिने स्वतःशीच म्हटलं, ही काही बाळाची वस्तू नाही. शाळेच्या प्रोजेक्टची आहे.

दोघींनी मिळून पाळणा बर्फावरून घसरवत आणला.

पुढच्या बाजूला एक मोठी डायनिंग रूम होती. इथल्या बहुतेक घरांत असते तशी, वर्षभर रिकामी. तिथे पाळणा उभा केला. तेवढ्यात काकूंचा फोन आला. इलाने स्पीकरवर टाकला.

"मम्मा, आम्ही पाळणा घेतलाय, ओके? प्रोजेक्टसाठी."

"अगं, घ्या की. पण रिकामा हलवू नका हं! आधी वरवंटा ठेवतात."

"व्हॉट इज वरवंटा?"

"वाटायचा दगड गं. त्याला टोपडं घालून, नटवून आधी पाळण्यात निजवायचं आणि मग बाळाला. रिकामा पाळणा हलवत नाहीत. ज्ञानदा, तू आहेस ना तिथे? तुला माहितीय की हे."

"हो काकू. बघते."

"माझा वरवंटा खालच्या मोठ्या ड्रॉवरमध्ये... नाही, तो मागच्या बारशाला कोणीतरी नेला वाटतं. आणि हे बघ, प्रतिमाच्या घरी नका हं नेऊ तो, तिला आत्ता..."

फोन कट झाला.

परत लावला. लागला नाही.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पाळणा समोरच उभा होता.

"ताईकडे मिक्सर आहे," ज्ञानदा शेवटी म्हणाली. "वरवंटा नाही."

"कॅमेऱ्यात आतलं दिसतच नाही. असंच करू."

फोन ट्रायपॉडवर लावला. इलाने पाळण्याची दोरी हातात घेतली आणि हलकेच झोका दिला. कड्या कुरकुरल्या. कुईं... कुईं...

ज्ञानदा पदर नसलेल्या खांद्यावर पदर सावरल्याचं नाटक करत पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानापाशी तोंड न्यावं तशी.

"कुर्रर्र..."

आणि तिने नाव सांगितलं.

तेवढ्यात तिच्या गालांना काहीतरी जाणवलं.

ऊब.

पाळणा आणताना पुढचं दार उघडं राहिल्याने खोली गारठली होती. पाळण्यातून वर येणारी हवा मात्र कोमट होती. कुणीतरी बराच वेळ निजलेल्या पांघरुणातून यावी तशी.

"कट! परफेक्ट!" इलाने दोरी सोडली आणि फोन काढून घेतला.

ज्ञानदा मागे सरकली. पाळणा झोके घेत होता. ती बघत राहिली. कुठलाही झोका सोडला की आपोआप लहान होत जातो. हवा त्याला अडवते, कड्या घासतात. शाळेतलं फिजिक्स.

हा लहान होत नव्हता.

कुईं... कुईं... तेवढाच... पुन्हा तेवढाच...

ती मोजायला लागणार, एवढ्यात बाहेर कुठेतरी ट्रान्स्फॉर्मरचा मोठा आवाज झाला आणि घरातले सगळे दिवे गेले. संध्याकाळचे पाच वाजले असतील. खिडकीतून राखाडी उजेड येत होता, तेवढाच.

आणि वरून ताईची हाक आली.

"ज्ञानू..."

साधीच हाक. पण ज्ञानदा जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढली.

ताई पलंगावर उठून बसली होती. दोन्ही हात पोटावर.

"हलत नाहीये गं."

"झोपला असेल."

"नाही. मला जागच त्याने आली. म्हणजे... तो थांबला म्हणून आली."

ज्ञानदाने डॉप्लर काढला. जेल लावलं. ताईच्या पोटावर नेहमीच्या जागी टेकवला.

खरखर.

थोडा डावीकडे. थोडा वर. पुन्हा खाली.

खरखर... नुसती खरखर. पडद्यावर आकड्याच्या जागी दोन रेघा.

"बॅटरी असेल," ताई म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

बॅटरी पूर्ण होती. ज्ञानदाने ते सांगितलं नाही.

डॉक्टरांच्या नर्सचा फोन लागला. डाव्या कुशीवर झोपवा, गार ज्यूस द्या, थोडा वेळ बघा आणि हललं नाही तर ताबडतोब या. पण यायचं कसं? ज्ञानदाने ९११ लावला. गाडी निघतेय, पण रस्त्यांची अवस्था बघता वेळ लागेल. किती? सांगता येत नाही, मॅडम.

"ज्ञानू, हे पण जाणार का गं?" ताईने विचारलं. रडत नव्हती. नुसतं विचारत होती.

"मी ज्यूस आणते," ज्ञानदा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

ती खाली निघाली. घाईत डॉप्लर हातातच राहिला होता. सुरूच होता. जिना उतरताना त्याची खरखर तिच्यासोबत खाली आली. किचनकडे जायचं तर डायनिंग रूमच्या दारावरून जावं लागतं.

दारापाशी खरखर बदलली.

टप्-टप्... टप्-टप्... टप्-टप्...

ज्ञानदा जागच्या जागी थिजली.

दूरवरून घोडा दौडत यावा तसा.

हे यंत्र हवेत काहीही ऐकू शकत नाही. त्याला जेल लागतं, कातडी लागते, कातडीच्या आत जिवंत शरीर लागतं. तिने स्वतःला हे सगळं सांगितलं. मग ती दोन पावलं मागे सरकली. आवाज विरला. दोन पावलं पुढे आली. आवाज वाढला. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच.

अंधाऱ्या खोलीत पाळणा झोके घेत होता. तेवढाच झोका. कुईं... कुईं...

तिने यंत्र पाळण्यापाशी नेलं. पडद्यावर आकडा उमटला.

एकशे बावन्न.

ताईच्या बाळाचा आकडा.

"ज्ञानदाताई?"

इला मागे उभी होती. फोनच्या उजेडात तिचा चेहरा विचित्र दिसत होता. तिला अजून वरचं काही माहीत नव्हतं.

"तू स्क्रिप्ट चेंज केलीस का?"

"काय?"

"मी आत्ता क्लिप बघत होते. तू हेन्री नाही म्हणालीस."

"हेन्रीच म्हणाले मी."

इलाने क्लिप लावली. कड्यांचा आवाज. मग ज्ञानदाचा स्वतःचा आवाज, "कुर्रर्र..." आणि त्यापाठोपाठ, फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला असूनही अगदी स्पष्ट, एक नाव.

हेन्री नाही.

दिवाळीत ताईने कानात सांगितलेलं नाव. तिघांनाच माहीत असलेलं.

ज्ञानदाला आजही हेन्री म्हटल्याचंच आठवतं. दुसरं नाव तोंडातून कधी गेलं, का गेलं, तिला सांगता येत नाही. पण रेकॉर्डिंगमधला आवाज तिचाच होता.

"हू इज दॅट?" इलाने विचारलं. "कोणाचं नाव आहे ते?"

ज्ञानदाने वरच्या मजल्याकडे बोट केलं. इलाने एकदा वर पाहिलं, एकदा तिच्या हातातल्या यंत्राकडे, एकदा पाळण्याकडे. मग दोन्ही हात तोंडावर घेतले.

"आपण मावशीच्या बेबीला इकडे बोलावलं?"

अशा वेळी माणूस काय विचार करतो? ज्ञानदा सांगते, तिने काहीच विचार केला नाही. लहानपणी डझनभर बारशी पाहिली होती. हात आपोआप ते करायला लागले.

"दगड हवा," ती म्हणाली. "कुठलाही. पळ."

घरापुढच्या झुडपांभोवती गोटे रचलेले होते. सगळे बर्फात घट्ट बसलेले. इलाने गॅसवर किटलीभर पाणी तापवून ते त्यांच्यावर ओतलं आणि वरवंट्याएवढा एक गोटा उपटून आणला. वाफाळणारा, ओला. स्वतःची लोकरीची टोपी काढून तिने ती त्याला घातली.

"आता ऐक. मी ताईच्या बाळाला उचलते. मी उचललं की तू लगेच दगड आत निजवायचा आणि कानाशी नाव सांगायचं. त्याचं नाव. तुझ्या राजाचं."

"ज्ञानदाताई, आय'म स्केअर्ड."

"मी पण. चल."

तिने डॉप्लर खिशात टाकला. तो तिथूनही वाजत होता, टप्-टप्, टप्-टप्. तिने झोके घेणाऱ्या पाळण्यात दोन्ही हात घातले.

आत काहीच नव्हतं. लाकूड आणि ऊब.

ती तळव्यांचा पाळणा करून हात वर आणू लागली...

आणि हातांना वजन लागलं.

फार नाही. ओल्या टॉवेलएवढं. पण लागलं. दिसत काहीच नव्हतं. ती मागे वळली. पाठीमागे इलाचा कापरा आवाज तिने ऐकला. "कुर्र... हेन्री. युअर नेम इज हेन्री. तुझं नाव हेन्री."

कड्यांचा आवाज बंद झाला.

ज्ञानदाने वळून पाहिलं. पाळणा थांबला होता. पण खाली येऊन नाही. झोक्याच्या वरच्या टोकाला, एका बाजूला कललेला, तसाच. जणू कुणी दुसऱ्या बाजूने धरून ठेवलाय.

ती तिथे थांबली नाही. रिकामे हात छातीशी धरून ती जिना चढली. खिशातला आवाजही आता बंद झाला होता. नुसती खरखर. ती ताईजवळ गेली, गुडघ्यांवर बसली आणि हात ताईच्या पोटावर ठेवले.

"काय करतेयस गं?" ताई म्हणाली. "ज्यूस कुठाय?"

वजन राहिलं नाही.

ज्ञानदाने डॉप्लर टेकवला.

खरखर...

खरखर...

ताईने डोळे मिटून घेतले.

टप्.

टप्-टप्.

टप्-टप्... टप्-टप्... टप्-टप्...

ताईने ओक्साबोक्शी रडायला सुरुवात केली. ज्ञानदाही रडली. इला वर धावत आली, तीही दोघींच्या गळ्यात पडली. तिघी एकमेकींना धरून कितीतरी वेळ रडत होत्या. बाळाने आतून एक लाथ मारली, तेव्हा रडता रडता हसल्या.

मग ज्ञानदाने पडद्याकडे पाहिलं.

एकशे अठ्ठावीस.

अॅम्ब्युलन्स उशिरा का होईना आली. हॉस्पिटलमध्ये सगळ्या तपासण्या झाल्या. सगळं उत्तम. ज्ञानदाने डॉक्टरांना आकड्याचं विचारलं. एकशे अठ्ठावीस अगदी नॉर्मल आहे, ते म्हणाले, वाढत्या महिन्यांत ठोके थोडे कमी होतातच. तिने मान डोलावली. तिलाही ते माहीत होतं. थोडे कमी होतात. हळूहळू. आठवड्या-आठवड्याने.

एका जिन्याच्या अंतरात नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. ताई घरी यायच्या आत दोघींनी पाळणा चादरीत बांधून काकूंच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. दगडासकट. इलाने व्हिडिओतून बारसं कापून टाकलं. तिला बी मायनस मिळाला. टीचरने शेरा लिहिला, शेवट अपुरा वाटतो.

मेमध्ये बाळ झालं. गोरंगोमटं, धडधाकट. बारशाला ज्ञानदाने हट्टाने पाळणा आणू दिला नाही. मांडीवरच नाव ठेवायला लावलं. नावही बदललं. तिने ताईला एवढंच सांगितलं, "ते नाव नको ठेवूस. माझं ऐक." ताईने का ते विचारलं नाही. बाळाचं नाव शिव ठेवलं.

शिव आता सात महिन्यांचा आहे. हसतो, बसतो, हाताला लागेल ते तोंडात घालतो. एकच गोष्ट. "शिव" म्हटलं की बघत नाही. कान तपासले, कान छान आहेत. काही मुलं वेळ घेतात, डॉक्टर म्हणाले, नवव्या महिन्यापर्यंत वाट बघा.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत इला आली होती. शिव तिच्याकडे पाठ करून रंगीत ठोकळे चावत बसला होता. तिने दोनदा "शिव, शिवू" म्हणून हाक मारली. त्याचं लक्षच नाही. मग ती गंमत म्हणून, किंवा ती गंमत नव्हतीच, अगदी हळू म्हणाली,

"हेन्री."

शिवने हातातला ठोकळा खाली ठेवला.

आणि वळून तिच्याकडे पाहिलं. हसला नाही. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं नुसतं बघत राहिला.

ताई किचनमध्ये होती. तिने काही पाहिलं नाही.

इला ज्ञानदाला आपल्या गॅरेजपाशी घेऊन गेली. "मी तुला एक सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "त्या दिवशी तू वर गेलीस ना... पाळणा परत हलायला लागला. थोडासाच. आय स्वेअर, मी हात नव्हता लावला. मला वाटलं दगडामुळे असेल."

ज्ञानदा तेव्हापासून एकच विचार करते. त्या दिवशी अंधारात तिने हात घातले तेव्हा पाळण्यात एकच होतं ना? दोन असतील, तर तिने कोणाला उचललं?

मागच्या आठवड्यात शैलजाकाकूंचा फोन आला होता. जानेवारीत कुणाकडे तरी बारसं आहे. "ज्ञानदा, शनिवारी येशील तेव्हा आमच्या गॅरेजमधला तो पाळणा जरा बाहेर काढून पुसून ठेवशील का गं?"

ती गेली. गॅरेजचं दार वर केलं. कोपऱ्यात चादरीत बांधलेला पाळणा होता. गॅरेजमध्ये वारा नव्हता. चादर स्थिर होती.

तिच्या जॅकेटच्या खिशात डॉप्लर होता. ताईच्या ड्रॉवरमधून तिनेच आणला होता. बटणावर अंगठा ठेवून ती चादरीपासून एका हातावर उभी राहिली. बटण दाबलं असतं तर कळलं असतं. नुसती खरखर आली असती तर सगळं ठीक होतं. आणि खरखर आली नसती, तर आत कोण आहे ते आकड्याने सांगितलं असतं.

एवढा सोपा प्रयोग तिने आयुष्यात कधी केला नव्हता.

शेजारून, ताईच्या घरातून तिच्या हसण्याचा आवाज येत होता. ती शिवला हाका मारत होती. शिव... शिवू... ए शिवू, इकडे बघ ना रे...

ज्ञानदाने अंगठा काढला. दार खाली ओढलं आणि काकूंना फोन करून सांगितलं, पाळण्याची कडी तुटली आहे, यापुढे कुणाला देऊ नका.

ताईच्या घरी ती अजून दर शनिवारी जाते. शिवला मांडीवर घेते, भरवते, अंगाई म्हणते.

नावाने मात्र हाक मारत नाही. तीनपैकी कुठल्याच.